फिरत्या कड्यातलं पाणी: पुण्यात रोटेटिंग ॲन्युलस बांधताना आणि चालवताना

दोन नळकांडी एकात एक ठेवायची, मधल्या कड्यात पाणी भरायचं, आतली भिंत थंड आणि बाहेरची गरम ठेवायची आणि अख्खं भांडं उभ्या अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरवायचं. प्रयोग एवढाच. हळू फिरवलं तर गरम पाणी वरून आत येतं, थंड पाणी तळाने बाहेर जातं आणि कड्यात सगळीकडे एकच चित्र दिसतं. वेग वाढवला की या गोल प्रवाहाला नागमोडी वळणं पडतात: दोन, तीन, चार लाटा, आणि त्या सगळ्या मिळून सावकाश कड्याभोवती सरकत राहतात. आणखी वेग वाढवला की लाटा ठरावीक तालात फुगायला आणि आकसायला लागतात. त्यापुढे ताल बिघडतो आणि मग घडी पूर्ण विस्कटते.

हा प्रयोग रेमंड हाइड यांनी १९५० नंतर केंब्रिजमध्ये केला. त्यांना खरं तर पृथ्वीच्या पोटातल्या द्रवाचं कोडं सोडवायचं होतं. त्याच सुमारास शिकागोला डेव्ह फुल्ट्झ साध्या उथळ पातेल्यात पाणी फिरवून वातावरणातल्या प्रवाहांचे नमुने बघत होते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये केऑसवरचा, म्हणजे नियमांनीच चालणाऱ्या पण पुढचं सांगता न येणाऱ्या हालचालींवरचा, आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच वर्षी त्यांनी या कड्यांमधल्या फुगण्या-आकसण्याचं गणितही मांडलं. त्यांच्या विचारात हे भांडं आधीपासूनच होतं.

पुण्यात हवामानाचं काम जुनं आहे. शिवाजीनगरची वेधशाळेची इमारत १९२८ पासून, म्हणजे भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं तेव्हापासून, अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ ची. त्यामुळे इथे कड्यातली लाट दाखवली की पहिला प्रश्न येतो, ‘यात मान्सून कुठे?’ मान्सून यात नाही. ही लाट मध्य अक्षांशांतल्या पश्चिमी वाऱ्यांची आहे, ज्यातून हिवाळ्यात उत्तर भारताकडे पश्चिमी विक्षोभ येतात. पुण्याच्या साडेअठरा अंशांवर परिवलनाचा असर कमी होतो आणि मान्सूनला बाष्पाच्या सुप्त उष्णतेचं बळ असतं. यातलं काहीच या भांड्यात नाही. पण तापमानाच्या फरकातून, परिवलनाच्या धाकाखाली, लाट कशी जन्मते आणि नियम न मोडता बेभरवशाची कशी होते, हे इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. अनियमित सिग्नल मिळवणं फार सोपं आहे. टेबल जरा कललेलं ठेवा, खोलीतला एसी चालू ठेवा, पट्टा ढिला सोडा, सिग्नल हवा तितका वेडावाकडा मिळेल. तो वेडेपणा पाण्याचा स्वतःचा आहे हे दाखवणं, हेच खरं काम. खाली बांधणीचे जे निर्णय दिले आहेत ते सगळे याच एका कारणासाठी आहेत.

भांडं

आमची मापं अशी: आतल्या भिंतीची त्रिज्या ४ सेंटिमीटर, बाहेरच्या भिंतीची ११, पाण्याची खोली १२. कड्याची रुंदी ७ सेंटिमीटर होते आणि पाणी साधारण ४ लिटर लागतं. बाहेरच्या भिंतीभोवती गरम पाण्याचं आणखी एक कडं असतं, त्यात जवळपास तेवढंच पाणी.

बाहेरची भिंत ॲक्रिलिकची करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण बाजूने आतलं दिसतं. हिशेब करून बघा. लाटा चालू असताना या मापाच्या कड्यातून ६ अंशांच्या फरकाला साधारण २० ते २५ वॉट उष्णता बाहेरून आत वाहते. बाहेरच्या भिंतीचं क्षेत्रफळ ८३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० वॉट. ५ मिलिमीटर ॲक्रिलिकमधून तेवढी उष्णता जायला सुमारे ८ अंशांचा फरक लागतो. म्हणजे पाण्याला द्यायचा होता त्याहून जास्त फरक भिंतच खाऊन टाकते! शिवाय लाटेचा गरम भाग जिथे भिंतीला टेकतो तिथे भिंतीचं तापमान बदलतं, आणि मग ‘भिंत ठरावीक तापमानाला आहे’ हे गृहीतच उरत नाही. २ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये हाच फरक ०.०४ अंश पडतो. म्हणून बाहेरची भिंत स्टीलची आणि आतली तांब्याची, कारण आतलं क्षेत्रफळ कमी आणि तिथे दर चौरस मीटरला ८०० वॉटच्या वर उष्णता जाते. बघायचं ते वरून बघायचं. अॅल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात ठेवू नये. अॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि पाण्यात पांढरी भुकटी येते.

तांब्याचं नळकांडं म्हटल्यावर पुण्यात पहिली आठवण तांबट आळीची येते. तिथलं ठोक्याचं काम देखणं असतं, पण या कामाला चालत नाही, कारण ठोकलेलं भांडं लेथवरच्या अर्थाने गोल नसतं. पत्रा रोल करून, ब्रेझिंग करून, मग लेथवर बाहेरून साफ करून घ्यावा. अशा एखाद-दुसऱ्या नगाचं काम भोसरीत होतं, फक्त कारागिराला दोन आकडे स्पष्ट सांगावे लागतात: दोन्ही नळकांड्यांचे मध्य ०.२ मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत आणि भिंती तळाशी काटकोनात हव्यात. मध्य सरकलेला असेल तर कड्याची एक बाजू अरुंद होते आणि प्रत्येक लाट तिथून जाताना थोडी दबते. पुढे आलेखात दर वेळी लाट तिथून जाताना येणारा झोल दिसतो, तो याचाच. तळ २० मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचा. तळातून उष्णता जायला नको, त्यामुळे इथे मात्र ॲक्रिलिकच बरं. सांध्यांना ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस. नुसत्या सिलिकॉन सीलंटवर विसंबलं तर भांडं कधीच उघडून साफ करता येत नाही.

आतल्या नळकांड्यात थेट बर्फ भरून चालवण्याची पद्धत वर्गात दाखवायला ठीक आहे. मोजमापाला नाही. बर्फाला लागून पाणी ४ अंशांच्या खाली जातं आणि तिथे पाण्याचा प्रसरणाचा नियम उलटतो: जास्त थंड पाणी हलकं होतं. आतल्या भिंतीजवळ प्रवाहाची दिशा अर्ध्यात बदलते आणि कुठलंही सूत्र लागू पडत नाही. आम्ही आतली भिंत २२ अंश आणि बाहेरची २८ अंश ठेवतो. सरासरी २५ अंश, म्हणजे पुण्यातल्या खोलीच्या तापमानाजवळ, आणि आजूबाजूला जाणारी उष्णता त्यामुळे कमीत कमी.

फिरत्या भांड्यात थंड पाणी न्यायला महाग रोटरी जोड घ्यायची गरज नाही. आतलं नळकांडं वरून उघडं असतं. अक्षाच्या रेषेत वरून दोन स्थिर नळ्या आत सोडायच्या: एक थंड पाणी देणारी, तळापर्यंत, दुसरी ओढून घेणारी, तिचं तोंड हव्या त्या पातळीवर. ओढणारा पंप देणाऱ्यापेक्षा किंचित जोरकस असला की पातळी आपोआप तिथेच राहते. स्थिर नळ्यांमुळे आतलं पाणी ढवळलं जातं, तेही फायद्याचंच. थंड पाणी येतं ते खाली ठेवलेल्या टाकीतून. त्या टाकीत तांब्याची वेटोळी, वेटोळ्यातून बर्फाच्या डब्यातलं पाणी, आणि ते किती सोडायचं हे तापमान नियंत्रक ठरवतो. २५ वॉट म्हणजे तासाला पाव किलोहून थोडा जास्त बर्फ. नळ्यांमधली गळती धरून पाच किलोची लादी रात्रभर निघते.

बाहेरचं कडं तापवायला हीटरची तार, १२ व्होल्टवर, स्लिप रिंगमधून, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या सरकत्या जोडातून. त्यात मत्स्यालयाचे दोन छोटे डीसी पंप समोरासमोर बसवून पाणी फिरतं ठेवायचं. पंपांचीही उष्णता असते, ती हीटरच्या हिशेबात धरायची. हीटरला लागणारी वीज सतत नोंदवावी, कारण गळती वजा केली की कड्यातून किती उष्णता वाहते आहे याचं ते थेट माप असतं, तेही पाण्यात काहीही न बुडवता.

टेबल

नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून चाकाचं हब टेपर रोलर बेअरिंगच्या जोडीसह मिळतं. टीव्हीखाली ठेवायच्या फिरत्या चकतीपेक्षा ते शतपटीने बरं. बेअरिंगमधलं जाड ग्रीस धुऊन पातळ ग्रीस भरावं आणि नट इतपतच आवळावा की उभा झोल जाईल पण हाताने फिरवताना अडखळणार नाही.

मोटर स्टेपर, म्हणजे प्रत्येक विजेच्या पल्सला एक ठरावीक पाऊल फिरणारी, टायमिंग बेल्टने १० ला १ असं वेग कमी करून. मोटरला फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हर १६ भागांवर लावला की टेबलाच्या एका फेरीला ३२,००० पल्स होतात. १ रेडियन प्रति सेकंद या वेगाला, म्हणजे ६.२८ सेकंदांत एक फेरी किंवा मिनिटाला साडेनऊ फेऱ्या, सुमारे ५,०९० पल्स दर सेकंदाला लागतात. पल्स क्रिस्टलवरून घ्याव्यात. पोटेन्शिओमीटर फिरवून वेग ठरवणारी सर्किटं खोलीच्या तापमानाबरोबर वेग बदलतात. बुधवार पेठेत मिळणाऱ्या ड्रायव्हरवर करंट गरजेपुरताच ठेवावा. जास्त ठेवला की मोटर गुणगुणते आणि ती गुणगुण झाकणापर्यंत जाते. वेग प्रकाशाच्या सेन्सरने दर फेरीला मोजून नोंदवायचा.

लाइट जाण्याचा बंदोबस्त आधीच करावा. सगळं २४ व्होल्टच्या बॅटरीवर आणि बॅटरी कायम चार्जरवर, हा सगळ्यात साधा मार्ग. इन्व्हर्टर बदलीच्या क्षणी टेबलाला बसणारा एक हिसका पुढचा तासभर पाण्यात राहतो.

आता समतल करणं. याच्यावर लोक पाच मिनिटं घालवतात, खरं तर अर्धा दिवस द्यावा. यंत्रशाळेतली बारीक लेव्हल, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी, टेबलावर ठेवायची आणि टेबल हाताने पाव-पाव फेरी फिरवत वाचायचं. दोन वेगळे दोष असतात. बुडबुडा टेबल फिरवताना इकडून तिकडे जात असेल तर अक्षच कललेला आहे. बुडबुडा मध्यावर नाही, पण चारही स्थितींत लेव्हलच्या त्याच टोकाला तितकाच सरकलेला राहतो, तर अक्ष सरळ आहे आणि टेबलाचा पृष्ठभाग त्याला काटकोनात नाही. पहिला दोष खालच्या तीन स्क्रूंनी जातो, दुसरा भांड्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालून. स्क्रू फिरवून दुसरा दोष घालवायला गेलं की पहिला नव्याने निर्माण होतो, आणि माणूस दिवसभर तिथेच गोल फिरतो.

अक्ष कलला तर काय बिघडतं? टेबलावर बसून पाहिलं तर गुरुत्वाकर्षणाची दिशा प्रत्येक फेरीला एकदा गोल फिरते. म्हणजे पाण्याला परिवलनाच्याच वारंवारतेचा धक्का सतत बसतो. फिरत्या पाण्यात परिवलनाच्या दुपटीपर्यंतच्या वारंवारतेच्या जडत्वीय लाटा, म्हणजे परिवलनामुळेच उठणाऱ्या लाटा, चालू शकतात, आणि त्यांचा स्वभाव असा की दिशा वारंवारतेवर ठरते, लांबीवर नाही. परिवलनाएवढ्या वारंवारतेला ऊर्जा अक्षाशी साधारण ३० अंशांच्या तिरक्या रेषांत धावते, तळावरून, झाकणावरून, भिंतींवरून परावर्तित होत राहते. वरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, पण थर्मिस्टरला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या मण्याला, दिसतं आणि मुख्य लाट त्याने थरथरते. ही पाण्याची स्वतःची लाट नाही, आपण टेबलाकरवी घातलेली आहे.

झाकण आणि पाणी

वरून मोकळा पृष्ठभाग ठेवला तर कण सोडून चित्र सुंदर दिसतं. पण पुण्याचा मार्च ते मे हा काळ कोरडा. दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी आपल्या कड्याच्या ३३० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून साडेपाच वॉट उष्णता निघून जाते. कड्यातून वाहणाऱ्या २०-२५ वॉटच्या तुलनेत हा पाव हिस्सा झाला. वरचा थर थंड होऊन बारीक बारीक लोळांनी खाली बसतो आणि मोठ्या लाटेवर पुरळ उठल्यासारखी खरखर येते. टेबल फिरत असल्यामुळे कडेला वारा जास्त लागतो, म्हणून हे बाष्पीभवन सगळीकडे सारखंही नसतं. पावसाळ्यात तोच प्रयोग निराळे आकडे देतो, आणि ऋतूबरोबर आकडे बदलणारं उपकरण कामाचं नाही.

म्हणून १० मिलिमीटर ॲक्रिलिकचं झाकण, पाण्याला टेकलेलं. ते बसवताना तिरकं धरून एका बाजूने खाली आणायचं, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूच्या छिद्रातून निघते. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असतेच. गरम भिंतीवर तिचे बारीक बुडबुडे धरतात, मोठे होतात आणि झाकणाखाली जाऊन बसतात. पाणी उकळून, झाकून, रात्रभर निवू द्यावं. गाळण फडक्याने नाही तर बारीक फिल्टरने, कारण फडक्याचा एकेक तंतू थर्मिस्टरला लटकतो.

झाकण आणि तळ, दोन्हींना लागून पाण्याचा एक पातळ थर तयार होतो, एकमान थर. त्याची जाडी चिकटपणा आणि परिवलन यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. २५ अंशांच्या पाण्याला १ रेडियन प्रति सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर. एवढासा थर, पण भांड्यातलं सगळं पाणी नव्या वेगाला आणणारा तोच. १२ सेंटिमीटर खोलीला झाकणासह हा काळ साधारण एक मिनिट येतो; दहापट वाट बघितली की वेग बसला असं धरता येतं. तापमान बसायला मात्र तास लागतो. वेगाच्या प्रत्येक पायरीला तासभर, हा आमचा नियम.

बघण्यासाठी अभ्रकाची बारीक भुकटी चिमूटभर पुरते. तिचे पापुद्रे प्रवाहाच्या ताणाप्रमाणे वळतात आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांत लाट उठून दिसते. रंग सोडला तर पहिली दहा मिनिटं झकास, नंतर सगळं गुलाबी. कॅमेरा टेबलाबरोबर फिरला पाहिजे आणि त्याच्या समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावलं पाहिजे.

मोजणी

कड्याच्या मधोमध, ७.५ सेंटिमीटर त्रिज्येवर, एकाच खोलीला १६ थर्मिस्टर समान अंतरावर झाकणातून सोडलेले. १० किलोओहमचे एनटीसी मणी, २ मिलिमीटर जाड काचेच्या नळीत. प्रवाह सेकंदाला ५ मिलिमीटर धरला तर नळीभोवती रेनल्ड्स अंक, म्हणजे चिकटपणापुढे प्रवाहाचा जोर किती ते सांगणारा आकडा, १० च्या आसपास राहतो. मागे भोवरे सुटायला तो ४० च्या वर जावा लागतो, त्यामुळे नळ्या स्वतःच्या लाटा तयार करत नाहीत. वाचायला एडीएस-१११५ या १६ बिटच्या चिप, प्रत्येकीला चार चॅनेल. या चिपला चार वेगवेगळे पत्ते देता येतात, म्हणून एकाच दोन तारांवर चार चिप आणि नेमके १६ थर्मिस्टर बसतात. ०.००२ अंशापर्यंतचा बदल दिसतो. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या एडीसीवर, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागावर, हे काम सोडू नये, तो टोकांकडे सरळ रेषेत वाचत नाही. थर्मिस्टरला वीज वाचनापुरतीच द्यायची, नाहीतर तो स्वतःच तापतो. सगळे एकत्र एकाच ढवळलेल्या पाण्यात बुडवून १८ ते ३२ अंशांमध्ये जुळवून घ्यायचे. दुकानातून आलेल्या मण्यांत अर्धा अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं.

एकच थर्मिस्टर का पुरत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा ३ लाटांचा आणि ४ लाटांचा, असे दोन नमुने कड्यात एकाच वेळी आहेत आणि वेगवेगळ्या गतीने सरकताहेत. एका जागी उभं राहून पाहिलं तर तापमानाची चढउतार कधी मोठी, कधी लहान दिसेल आणि वाटेल की लाट फुगते-आकसते आहे. प्रत्यक्षात दोन्ही लाटा जशाच्या तशा आहेत, फक्त एकमेकींवरून जाताहेत. १६ जागांचं एका क्षणाचं फूरिये विश्लेषण केलं, म्हणजे त्यातल्या २, ३, ४ लाटांचे वाटे वेगळे काढले, की प्रत्येक नमुन्याची उंची वेगळी निघते आणि खरं फुगणं कुठलं ते कळतं. यातही एक खोच आहे. १६ थर्मिस्टरना ८ लाटांच्या पुढचं ओळखता येत नाही. ४ लाटांचा तिसरा गुणज, म्हणजे १२, त्यांना पुन्हा ४ सारखाच दिसतो. लाट तीव्र होऊन तिला धार आली की हा गुणज वाढतो आणि ४ च्या आकड्यात मिसळतो. कॅमेऱ्याच्या चित्राशी पडताळत राहावं.

चालवताना

दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवायचे. पहिला औष्णिक रॉस्बी अंक: गुरुत्व, प्रसरणांक, तापमानाचा फरक आणि खोली यांचा गुणाकार भागिले परिवलनाचा वर्ग आणि रुंदीचा वर्ग. आमच्या मापांना ६ अंशांच्या फरकाला तो ०.३७ भागिले परिवलनाचा वर्ग इतका येतो. दुसरा टेलर अंक, चिकटपणापुढे परिवलनाचा जोर सांगणारा, तो सुमारे ७ कोटी गुणिले परिवलनाचा वर्ग. पहिला अंक दीडच्या आसपास खाली आला की गोल प्रवाह मोडून लाटा येतात, म्हणजे इथे ०.५ रेडियन प्रति सेकंदाजवळ, साडेबारा सेकंदांना एक फेरी.

ती वेळ बघण्यासारखी असते. ०.४५ ला अभ्रकाचे पट्टे गोल, एकसंध. ०.५ ओलांडल्यावर काही मिनिटं काहीच होत नाही. मग गोलाची एक बाजू किंचित आत दबते, समोरची दबते आणि थोड्या वेळाने एक बारीक वेगवान प्रवाह गरम भिंतीपासून थंड भिंतीकडे आणि परत असा नागमोडी धावू लागतो. त्याच वेळी हीटरची वीज वाढते, कारण लाट उष्णता जास्त वाहते. वेग वाढवत नेला की लाटांची संख्या वाढते. लाटेची स्वाभाविक लांबी परिवलन वाढेल तशी कमी होते, पण कड्याची रुंदी तिला एका मर्यादेपलीकडे लहान होऊ देत नाही. या मापाच्या कड्यात दोनपासून पाचपर्यंतच अपेक्षा ठेवावी.

वेग वाढवत नेताना ज्या वेगाला तीनच्या चार लाटा होतात, उतरवताना त्याच वेगाला चारच्या तीन होत नाहीत, चार बऱ्याच खालपर्यंत टिकतात. त्याच वेगाला, त्याच तापमानाला तीनही स्थिर आणि चारही स्थिर. कुठली मिळणार हे तिथे कसे पोचलो यावर. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर आधीचा वेग आणि चढती की उतरती हे लिहिलंच पाहिजे. हे नसलेली नोंद दुसऱ्याला कधीच जुळवता येत नाही.

फुगणं-आकसणं नीट बघायचं तर नुसत्या पाण्यापेक्षा ग्लिसरीन घातलेलं पाणी बरं. घनफळाने सुमारे १७ टक्के ग्लिसरीनला प्रांटल अंक, म्हणजे चिकटपणा आणि उष्णता पसरण्याचा वेग यांचं गुणोत्तर, जवळपास दुप्पट होतो आणि नियमित स्पंदनांचा पट्टा रुंद मिळतो. अर्थात वरचे सगळे आकडे नव्या चिकटपणाला पुन्हा काढायचे. मिश्रण बाहेर ढवळून, एकजीव करून, मग भरायचं. भांड्यात ओतून ढवळलं तर जड ग्लिसरीन तळाशी बसतं आणि खालचा थर दिवसभर वेगळाच वागतो.

एसीचा मुद्दा इथे येतो. स्पंदनाचा एक फेरा टेबलाच्या काही डझन ते शंभरेक फेऱ्यांचा असतो. १ रेडियन प्रति सेकंदाला शंभर फेऱ्या म्हणजे साडेदहा मिनिटं. खोलीतल्या एसीचा कंप्रेसर चालू-बंद व्हायचा काळही साधारण त्याच घरातला. म्हणजे खोली पाण्याला नेमक्या त्याच तालात ढकलते. एसी बंद, खिडक्या बंद, भांड्याभोवती ५० मिलिमीटर थर्माकोल आणि शक्यतो रात्री. रात्री तापमान उतरतं पण सावकाश, आणि ते नंतर वजा करता येतं.

केऑस म्हणण्यापूर्वी

वेग आणखी वाढवला की स्पंदनाची उंचीच बदलायला लागते: एक फेरा मोठा, एक लहान, मग दोन मोठे, मग क्रम लागत नाही. इथे थांबून आधी यंत्र तपासायचं. वारंवारतेच्या आलेखात परिवलनाच्या नेमक्या वारंवारतेला किंवा दुपटीला टोकदार सुळका असेल तर तो टेबलाचा. खात्री करायची तर तापमानाचा फरक ६ वरून ५ अंश करा. लाटेचा सरकण्याचा वेग तापमानाच्या फरकाबरोबर कमी होतो, तिचे सुळके सरकतात. टेबलाचा सुळका जागचा हलत नाही. दर फेरीला नोंदवलेला टेबलाचा वेग, दोन्ही भिंतींची तापमानं आणि खोलीचं तापमान यांचा स्पंदनाच्या उंचीशी संबंध लागतो का, तेही काढायचं. भिंतींचं तापमान ०.०५ अंशात स्थिर असेल तर ६ अंशांतली ती एका टक्क्याहून कमी चूक झाली. त्याहून जास्त हलत असेल तर पुढचं सगळं विश्लेषण व्यर्थ.

यंत्र निर्दोष ठरलं की स्पंदनाच्या उंचीची एकच मालिका घेऊन तिला विलंबाने तिच्याच विरुद्ध मांडायचं: आत्ताची किंमत, थोड्या वेळापूर्वीची, त्याच्याही आधीची. नियमित स्पंदनाला बंद वेटोळं मिळतं, दोन तालांच्या मिश्रणाला मेदूवड्यासारखा पृष्ठभाग, आणि केऑसला घड्या पडलेली पट्टी, जिच्यावर मार्ग कधी स्वतःला छेदत नाही आणि परतही येत नाही. विलंब किती घ्यायचा हे स्वसहसंबंध, म्हणजे मालिकेचं तिच्याच मागच्या किमतींशी असलेलं साम्य, पहिल्यांदा शून्याला येतो तिथून सुरू करून ठरवावं.

मिती, म्हणजे हा आकार किती दिशांत पसरतो ते, जवळच्या बिंदूंच्या जोड्या मोजून काढायची ग्रासबर्गर आणि प्रोकाचिया यांची १९८३ ची रीत सोपी आहे आणि तिच्यातच सगळ्यात जास्त फसगत होते. वेळेत जवळजवळचे बिंदू जागेतही जवळ असणारच. ते जोड्यांतून वगळले नाहीत तर मिती खोटीच लहान येते. स्पंदनाच्या निदान एका फेऱ्याएवढं अंतर असलेल्या जोड्याच मोजाव्यात. मालिका लहान असेल तर आकडा निघतो, पण त्याला अर्थ नसतो: बिंदूंच्या संख्येच्या दहाच्या पायाच्या लॉगॅरिदमच्या दुपटीपेक्षा मोठी मिती या रीतीने कळूच शकत नाही. हजार बिंदूंतून ६ च्या पुढे बोलायचं नाही. शिवाय साध्या रंगीत गोंगाटालाही, म्हणजे संथ चढउतार जास्त असलेल्या यादृच्छिक सिग्नललाही, या रीतीने छान मर्यादित, अपूर्णांकी मिती मिळते. म्हणून त्याच मालिकेचा वारंवारतेचा आलेख कायम ठेवून फेज, म्हणजे प्रत्येक वारंवारतेची लाट कुठून सुरू होते ते, विस्कटायचे, अशा बऱ्याच बनावट मालिका करायच्या आणि त्यांनाही तीच चाळणी लावायची. खऱ्या मालिकेचा आकडा बनावटांच्या गर्दीत सापडला तर केऑसचा दावा तिथेच सोडून द्यायचा.

याहून आम्हाला जास्त पटते ती जुळ्यांची रीत, जी लॉरेन्झ यांनी १९६९ मध्ये खऱ्या वातावरणावर वापरली होती. लांब नोंदीतून सोळाही थर्मिस्टरना जवळजवळ सारखं दाखवणारे दोन वेगवेगळे क्षण शोधायचे, लाट कड्यात सरकलेली असते म्हणून आधी फेज जुळवून घ्यायचा, आणि मग त्या दोन क्षणांपासून पुढे दोन्ही मार्ग एकमेकांपासून किती वेगाने लांब जातात ते बघायचं. नियमित स्पंदनात ते जवळच राहतात. केऑसमध्ये फरक काही फेऱ्यांत दुप्पट, चौपट होत जातो आणि लॉगॅरिदमच्या आलेखावर सरळ चढ दिसतो. चांगले जुळे मिळायला स्पंदनाचे निदान दोनशे फेरे हवेत, म्हणजे साडेदहा मिनिटांच्या हिशेबाने सलग ३५ तास. तेवढा वेळ बर्फ संपता कामा नये. लादी टाकताना टाकीचं तापमान उडी मारतं, म्हणून बर्फाचा डबा वेटोळ्याच्या टाकीपासून वेगळाच ठेवावा, आणि लादी अर्धी उरली असतानाच नवी घालावी.